अकरा पूर्णांक सात दशांश

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या नियमपुस्तकात तीस वर्षांहून अधिक काळ एक चमत्कारिक आकडा ठाण मांडून होता : ११.७. एका विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला वर्षाला एवढ्याच पूर्ण शिष्यवृत्त्या वाटता येत. अकरा नाही, बारा नाही. अकरा पूर्णांक सात दशांश. हे दशांश आले कुठून? मुळात मर्यादा १३ होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खर्च आवरायचा म्हणून सरसकट दहा टक्के कपात झाली. तेरातून एक पूर्णांक तीन दशांश गेले आणि उरलेला आकडा पूर्णांकात बसवायच्या फंदात कुणी पडलं नाही.

संघात मुलं पस्तीस. त्यातल्या जास्तीत जास्त २७ जणांना शिष्यवृत्ती देता येई, आणि ज्याला द्याल त्याला निदान पाव हिस्सा द्यायलाच हवा, असाही नियम पुढे आला. म्हणजे पंगत पस्तीस पानांची, पुरणपोळ्या बारासुद्धा भरत नाहीत, आणि अट अशी की ज्याच्या पानात वाढाल त्याला चतकोराच्या खाली वाढायची नाही. २७ चतकोर म्हणजे पावणेसात. उरल्या ४.९५. तेवढ्यात राज्यभरातली जोरात चेंडू फेकणारी दोन-चार पोरं आपल्याकडे वळवायची, आठ जणांना स्वतःच्या खर्चाने यायला राजी करायचं, आणि एवढं करून सामनेही जिंकायचे. हे गणित ज्याच्या गळ्यात, तो ‘हेड कोच’, मुख्य प्रशिक्षक. २०२५पासून मोठ्या विद्यापीठांत हा नियम बदलला. आता संघ ३४ जणांचा, शिष्यवृत्त्या ऐपत असेल तितक्या द्या. पण कॉलेज बेसबॉलचे जे दिग्गज प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात, त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्याची मोठी वर्षं हा दशांश जुळवण्यात घालवली आहेत.

परभणीत बसून हे वाचताना आकड्याच्या आधी पदाचंच नवल वाटतं. एका कॉलेजात, एका खेळाला, एक पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक! त्याच्या हाताखाली सहायक, खेळाचं स्वतंत्र स्टेडियम, आणि मोठ्या विद्यापीठांत पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्याही पुढे. आपल्याकडे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड कुठेही जा, कॉलेजात खेळासाठी पद असलंच तर एक असतं. कागदावर ते ‘शारीरिक शिक्षण संचालक’, पोरांच्या तोंडी ‘स्पोर्ट्सचे सर’. कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रॉस कंट्री, क्रिकेट, बुद्धिबळ, सगळ्याला हे एकटे सर पुरतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही त्यांच्याच खात्यावर, कारण भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या यादीत हे दोन्ही खेळ आहेत. परभणी जिल्ह्यातली कॉलेजं १९९४पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली, आणि शहरात १९७२पासून कृषी विद्यापीठ. दोन्हींच्या मैदानांवर सर हीच संस्था खेळ चालवते.

अमेरिकेतल्या त्या पदापर्यंत पोचायची वाट मात्र फारशी गुळगुळीत नाही. मुलगा कॉलेजात खेळतो, व्यावसायिक संघांच्या खालच्या पायऱ्यांवर दोन-तीन वर्षं नशीब आजमावतो, जमत नाही म्हणून परत येतो आणि कुठल्या तरी कॉलेजात सहायक होतो. तिथे २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत ‘स्वयंसेवक सहायक प्रशिक्षक’ नावाचं एक पद होतं. काम पूर्णवेळ, पगार शून्य, आणि हे नियमानेच : या माणसाला विद्यापीठाने पगार द्यायचाच नाही. तो पोट भरायचा सुट्टीतल्या शाळकरी मुलांच्या शिबिरांवर. आपल्याकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे ‘सीएचबी’वर, उमेदीची वर्षं काढणाऱ्यांना ही व्यवस्था समजावून सांगायची गरज पडू नये, फक्त इथे निदान तासाचे पैसे लावायची पद्धत आहे.

या वाटेवरून गेलेल्यांपैकी एकाची कारकीर्द पाहू. माइक मार्टिन. जन्म १९४४चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा. फ्लोरिडा राज्याची राजधानी तालाहासी. तिथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून तो खेळला आणि १९६५ साली खेळाडू म्हणून राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत गेला. मग थोडा काळ व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर. मग शारीरिक शिक्षण शिकवणं, आणि गावातल्याच एका छोट्या कॉलेजात प्रशिक्षकपद, तेही बास्केटबॉलचं! म्हणजे हा गडीही मुळात आपल्या ‘स्पोर्ट्सचे सर’ जातीचाच. १९७५च्या सुमारास तो आपल्या जुन्या विद्यापीठात बेसबॉलचा सहायक म्हणून परतला. १९७९ साली तिथे डिक हाउझर हे नावाजलेले माजी खेळाडू मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. एकच हंगाम झाला आणि त्यांना न्यूयॉर्क यांकीजने बोलावलं, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या घराचा सांगावा. हाउझर गेले, खुर्ची मार्टिनकडे आली. १९८०च्या हंगामात तो त्या खुर्चीत बसला आणि उठला २०१९ साली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हा माणूस कळायला जड जाईल. याने दुसरीकडे बनतंय का ते पाहिलंच नाही.

चाळीस वर्षं. दरवर्षी किमान चाळीस विजय, एकही वर्ष अपवाद नाही. चाळीसच्या चाळीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. एकूण विजय २,०२९, पराभव ७३६, अनिर्णित ४. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलमध्ये इतके सामने जिंकलेला प्रशिक्षक त्याच्या आधी झाला नव्हता. आणि राष्ट्रीय विजेतेपदं? शून्य.

हे शून्य मला त्या दोन हजारांपेक्षा जास्त खुणावतं. त्याच्याकडे जायच्या आधी हा माणूस रोज नेमकं काय करत होता ते पाहायला हवं.

क्रिकेट पाहून वाढलेल्या आपल्याला कर्णधार मैदानावर निर्णय घेताना पाहायची सवय. बेसबॉलमध्ये जवळजवळ सगळे निर्णय बाहेर बसलेल्या प्रशिक्षकाचे. फेकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजापासून १८.४४ मीटरवर उभा असतो. चेंडू मध्ये टप्पा घेत नाही. ताशी १४५ किलोमीटरने निघालेला चेंडू साधारण चार दशांश सेकंदात पोचतो. एका सामन्यात एका संघाचे पिचर असे दीडशेच्या आसपास चेंडू टाकतात, आणि कॉलेज पातळीवर यातला पुढचा चेंडू कोणता असावा, सरळ की वळणारा, आत की बाहेर, हे पुष्कळदा बाकावर बसलेला प्रशिक्षक ठरवतो. खूण जाते ती बाकावरून कॅचरकडे, कॅचरकडून पिचरकडे. आपली फलंदाजी सुरू असली की कित्येक मुख्य प्रशिक्षक तिसऱ्या तळाजवळच्या, म्हणजे ‘थर्ड बेस’जवळच्या, चौकटीत जाऊन उभे राहतात आणि हातवारे सुरू करतात : टोपीला हात, कानाला, पट्ट्याला, छातीला, पुन्हा टोपीला. त्यातली एकच खूण खरी, बाकीचा समोरच्याला चकवायचा देखावा. पट्ट्याला हात लागल्यानंतरची पहिली खूण खरी, असं काहीतरी आधी ठरलेलं असतं. चोरून पळ, चेंडू नुसता टेकव, थांब, हे सगळं या मूकनाट्यात चालतं.

आणि हे करताना अंगावर काय? खेळाडूंचाच गणवेश. पाठीवर नंबरासकट! मार्टिनचा नंबर ११ आणि तालाहासीत नुसतं ‘इलेव्हन’ म्हटलं तरी लोकांना कळायचं. पंचाहत्तरीतला माणूस विशीतल्या पोरांसारखी तंग विजार आणि टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात फारसं दिसत नाही. याचं मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. तेव्हा संघाचा व्यवस्थापक बहुधा स्वतः खेळणाराच असे. पुढे तो खेळायचा थांबला, गणवेश अंगावर राहिला. फिलाडेल्फियाचे कॉनी मॅक १९०१पासून १९५०पर्यंत सूट, टाय घालून संघ चालवत, ते आजही अपवाद म्हणूनच सांगितले जातात.

पण हातवारे हा दिसणारा भाग. प्रशिक्षकाचा खरा डोकेदुखीचा विषय म्हणजे खांदे आणि कोपरं. कॉलेजचे मुख्य सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन दिवस, एकाच प्रतिस्पर्ध्याशी. शंभराच्या वर चेंडू टाकलेल्या पिचरचा हात दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो. त्याला साधारण आठवडाभर मोकळं सोडावं लागतं. म्हणून सगळ्यात चांगला पिचर शुक्रवारी, दुसरा शनिवारी, तिसरा रविवारी. बुधवारच्या किरकोळ सामन्याला चौथा. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो आणि नियमित सामने छप्पन. एखाद्या विजयासाठी पोराचा हात जास्त ओढला तर पोराचं करिअर जातं. कोपरातला अस्थिबंध फाटण्याची दुखापत या खेळात इतकी नेहमीची की तिच्या शस्त्रक्रियेला १९७४ साली ती प्रथम झालेल्या खेळाडूचंच, टॉमी जॉनचं, नाव पडलं आहे.

त्यातून पोरं टिकतात किती? व्यावसायिक संघ दरवर्षी उन्हाळ्यात नवे खेळाडू निवडतात. बारावी झालेला मुलगा निवडला जाऊ शकतो. तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर मात्र तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. म्हणजे प्रशिक्षकाने सतराव्या वर्षी हेरलेला, त्याच्या आईबापांना भेटून राजी केलेला, चतकोराऐवजी अर्धी शिष्यवृत्ती देऊ केलेला पोरगा कॉलेजचं तोंड पाहण्याआधीच व्यावसायिक संघाच्या पैशामागे जाऊ शकतो. फारच चांगला मुलगा हेरला तर तो येणारच नाही, आणि बेताचा हेरला तर जिंकणार नाही. नेमका किती चांगला हेरायचा, याचा अंदाज हेच तिथल्या प्रशिक्षकाचं अर्धं कौशल्य.

उरलेलं अर्धं काय, ते बस्टर पोझीच्या गोष्टीत दिसतं. जॉर्जियाचा हा मुलगा मार्टिनकडे आला तो शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांच्या मधल्या चपळ जागेवरचा क्षेत्ररक्षक. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला कॅचर केलं. कॅचरची जागा वेगळीच : फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, छातीवर चिलखत, चेहऱ्यावर जाळी, आणि सगळा खेळ तोंडासमोर. बेसबॉलमध्ये बाकीचे आठ जण एका दिशेला पाहतात, कॅचर एकटा उलट दिशेला. वर्षभरात पोझी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. मे २००८मध्ये एका सामन्यात मार्टिनने त्याला नऊच्या नऊ जागांवर खेळवलं, पिचर म्हणूनसुद्धा, आणि त्याच सामन्यात त्याने तिन्ही तळ भरलेले असताना होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचा फटका, मारला. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला देशात पाचव्या क्रमांकावर निवडलं. पुढे २०१०, २०१२ आणि २०१४ अशी व्यावसायिक बेसबॉलची तीन ‘वर्ल्ड सिरीज’ विजेतेपदं त्याच्या नावावर लागली, तिन्ही कॅचर म्हणून. त्या पोराच्या अंगात एक कॅचर दडलाय, हे आधी कुणाला तरी दिसावं लागलं. शाळेतल्या त्याच्या आकड्यांत ते लिहिलेलं नव्हतं.

आता ते शून्य.

कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा १९५०पासून नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात भरते. पहिली झाली १९४७ साली मिशिगनमधल्या कॅलमझू इथे. तिच्यात येल विद्यापीठाकडून पहिल्या तळावर खेळणारा तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, थोरले जॉर्ज बुश. येल हरलं. पुढच्या वर्षी बुश कर्णधार, येल पुन्हा हरलं. तेव्हापासून या स्पर्धेने भल्याभल्यांना हात हलवत परत पाठवलं आहे. १९९९पासून रचना अशी : ६४ संघ, चार-चारचे सोळा गट, दोन पराभव झाले की बाहेर. गटविजेते सोळा, त्यांच्या जोड्या लावून तीनपैकी दोन सामन्यांची मालिका. उरलेले आठ ओमाहाला. तिथे पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांची सवलत, आणि २००३पासून अंतिम फेरीही तीनपैकी दोनची. विजेत्याला किमान दहा सामने जिंकावे लागतात.

समजा तुमचा संघ समोर येणाऱ्या प्रत्येकापेक्षा सरस आहे. दहातले सहा सामने जिंकेल इतका. बेसबॉलमध्ये तुल्यबळ संघांमध्ये एवढी आघाडी म्हणजे चैन. गटांचे सगळे फाटे कागदावर मांडून ६४पासून शेवटपर्यंतची शक्यता काढली तर ती येते सात टक्क्यांच्या आसपास. सगळ्यांहून सरस, आणि तरी चौदा वर्षांतून एकदा! कारण उघड आहे. एका सामन्याचा निकाल एका पिचरच्या एका संध्याकाळवर लटकलेला, आणि एखादा पराभव झाला की जास्तीचे सामने आले, म्हणजे चौथा-पाचवा पिचर बाहेर काढणं आलं. लांब हंगामात सरस संघ वर येतो, कारण नशिबाचे हेलकावे छप्पन सामन्यांत एकमेकांना खाऊन टाकतात. दहा-बारा सामन्यांत त्यांना तेवढा वेळ मिळत नाही.

मार्टिनचे संघ ओमाहाला गेले १७ वेळा. आठ संघ, सगळ्यांना सारखीच संधी धरली, तर एका वेळी विजेतेपद हुकायची शक्यता सात अष्टमांश. सात अष्टमांश सतरा वेळा गुणा. उत्तर ०.१०३. म्हणजे असे दहा प्रशिक्षक सतरा-सतरा वेळा ओमाहाला गेले, तर त्यातला एक निव्वळ योगायोगाने रिकाम्या हाताने परत येईल. दोनदा तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला : १९८६ साली ॲरिझोनाकडून २-१० असा सपाटून हरला, आणि १९९९ साली मायामीकडून ५-६ असा, एका धावेने. वर्तमानपत्रांनी अनेक वर्षं ‘मार्टिनला मोठे सामने पेलत नाहीत’ असं लिहिलं. संघ दरवेळी वेगळा, पोरं वेगळी, पिचर वेगळे; सारखा एकच माणूस, तेव्हा दोष त्याचाच, असा तो युक्तिवाद. मला तो कधी पटला नाही. दहात एक ही काही दैवी अवकृपा म्हणावी इतकी दुर्मिळ गोष्ट नव्हे.

आता याच्या अगदी उलट टोकाचा माणूस. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो. १९४२ ते १९८६ मुख्य प्रशिक्षक, विजेतेपदं ११, त्यातली १९७० ते १९७४ सलग पाच. या पाचांतलं पहिलं, १९७०चं, त्यांनी फ्लोरिडा स्टेटलाच १५ डावांच्या झुंजीत २-१ने हरवून मिळवलं. आणि त्यांचा पगार? वर्षाला एक डॉलर. डेडोंचा मालवाहतुकीचा धंदा होता, पाचशे डॉलर भांडवलावर उभा केलेला, आणि तो इतका चालला की प्रशिक्षकपद त्यांनी नाममात्र मानधनावर सांभाळलं. एक ट्रकमालक सकाळी गाड्या लावतो आणि दुपारी देशातला सर्वश्रेष्ठ कॉलेज संघ घडवतो, हे आजच्या कोट्यवधींच्या करारांच्या काळात कुणाला खरं वाटणार नाही.

डेडोंच्या हाताखाली साठच्या दशकात टॉम हाउस नावाचा डावखुरा पिचर खेळला. पुढे तो अटलांटा ब्रेव्ह्‌जमध्ये गेला. ८ एप्रिल १९७४ला हँक ॲरनने बेब रूथचा होमरनांचा विक्रम मोडणारा ७१५वा होमरन मारला, तो चेंडू कुंपणापलीकडे सराव करत असलेल्या या हाउसच्याच हातात पडला. निवृत्तीनंतर हाउसने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि चेंडू फेकायचं शास्त्र शिकवू लागला. २००८ साली त्याच्या पुढ्यात, डेडोंच्याच विद्यापीठाच्या मैदानावर, उत्तर प्रदेशातली दोन खेडवळ पोरं येऊन उभी राहिली : रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेकवाले, बेसबॉल कधी न पाहिलेले. भारतभर झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेतून ते निवडून आले होते. रिंकूने ताशी १४० किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकून एक लाख डॉलर जिंकले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. दोघे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांपर्यंतच पोचले, दिनेश लवकर परतला, रिंकू दुखापतींनंतर ‘वीर महान’ या नावाने व्यावसायिक कुस्तीत शिरला.

यात मला रस वाटतो तो भाल्यात. कोपर खांद्याच्या रेषेत, पुढचा पाय ताठ रोवलेला, कमरेतून निघालेला पीळ बोटांच्या टोकापर्यंत. भाला आणि बेसबॉल फेकताना अंगाची साखळी जवळजवळ तीच. परभणीसारख्या ठिकाणी बेसबॉलचा संघ बांधणारे सर नेमकं हेच करतात. जून-जुलैत प्रवेश होतात, नोटीस बोर्डावर ट्रायलचा कागद लागतो. बेसबॉल खेळलेला मुलगा क्वचितच मिळतो, म्हणून सर इतर खेळांतले अवयव गोळा करतात : क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून एका दमात यष्टीपर्यंत फेकणारा, खो-खोत दिशा चटकन बदलणारा, कबड्डीत अंगाला अंग भिडायला न कचरणारा. फलंदाजीची खोड मोडणं सगळ्यात अवघड, कारण क्रिकेटमध्ये वाढलेला मुलगा सरळ बॅटने चेंडू खाली दाबतो, आणि इथे आडव्या बॅटने गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतला चेंडू मारायचा असतो. मैदानावर २७.४३ मीटर बाजूचा चौकोन फक्कीने आखायचा. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. टप्पा पडलेला चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नाही. मधे मिळतात ते हिवाळ्याचे महिने, आणि परभणीची थंडी किती कडक असते ते कृषी विद्यापीठाच्या तापमानाच्या नोंदीवरून दर डिसेंबरात पेपरात छापून येतंच. मग एलिजिबिलिटी फॉर्म, विद्यापीठाचा संघ, कॅम्प, टी.ए.-डी.ए., ट्रॅकसूट, रेल्वेचं आरक्षण. ज्याची निवड झाली तो ‘कलर होल्डर’.

शिष्यवृत्तीचे चतकोर इथे नाहीत. इथे वाटायला असतं ते प्रमाणपत्र. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि क्रिकेटच्या गर्दीपेक्षा कमी गर्दीच्या खेळात पदकापर्यंतचं अंतर कमी. पोरं हा हिशेब करून बेसबॉलला येतात, याबद्दल नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण तालाहासीचा मुलगा तरी दुसरं काय करत आला? कुठे पाव शिष्यवृत्ती मिळते आणि कुठे अर्धी, हे पाहूनच तो विद्यापीठ निवडत आला.

मार्टिनचा शेवटचा हंगाम २०१९चा. ९ मार्चला व्हर्जिनिया टेकला हरवून दोन हजारावा विजय झाला. त्यानंतर संघ घसरला आणि राष्ट्रीय स्पर्धेत कसाबसा शिरला. आणि मग दोन परक्या मैदानांवर जिंकत ओमाहाला पोचला! पंचाहत्तरीतला ‘इलेव्हन’ सतराव्यांदा तिथे उभा. पहिला सामना अर्कान्सासशी, १-० विजय. मग मिशिगनकडून ०-२. मग टेक्सस टेककडून १-४. दोन पराभव झाले, स्पर्धा संपली, कारकीर्दही. १ फेब्रुवारी २०२४ला, ऐंशी पुरी व्हायला अकरा दिवस कमी असताना, तो गेला.

त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटचा मुख्य प्रशिक्षक होता लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकात मार्टिनच्याच हाताखाली शॉर्टस्टॉप खेळलेला. जॅरेटने संघ ओमाहाला नेला. तिथे टेनेसीने त्यांना दोनदा हरवलं आणि पुढे विजेतेपदही घेतलं. टेनेसीचा मुख्य प्रशिक्षक टोनी व्हिटेलो. ऑक्टोबर २०२५मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला आपला व्यवस्थापक नेमलं. व्यावसायिक बेसबॉलचा कसलाही अनुभव नसताना कॉलेजातून थेट त्या पातळीवर गेलेला तो पहिलाच प्रशिक्षक. नेमणूक करणारे जायंट्सचे बेसबॉलप्रमुख म्हणजे बस्टर पोझी, ज्यांचा मार्टिनच्या मैदानावर शॉर्टस्टॉपचा कॅचर झाला होता.